रागिणीबाईंचा बिनतुपाचा केक

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या रागिणी इंगवले यांचा देवावर कितपत विश्वास आहे, हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही. साजूक तुपावर मात्र आहे. सर्दी झाली की नाकात तूप, खोकला झाला की तुपात मिरी, पाय दुखले की तळव्यांना काशाच्या वाटीने तूप. माझ्या नवऱ्याचं एअर फोर्समधलं प्रमोशन लांबलं, तेव्हाही त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "संपदा, डब्यात तूप कमी देतेस का गं त्याला?" हवाई दलाच्या कारभाराचं इतकं नेमकं विश्लेषण मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बरणी पाठवली.

बाई मूळच्या कराडकडच्या. कर्नल अशोक इंगवल्यांशी लग्न झालं आणि त्या बदल्यांच्या मागोमाग अर्धा हिंदुस्थान फिरल्या. सगळीकडे त्यांनी आपली भाषा नेली आणि तिथली भाषा फारशी आणली नाही. चंडीगडला लागून असलेल्या आमच्या मनीमाजऱ्याचा भाजीवाला आजही "भैया, ये वांगा कैसा दिया" या प्रश्नाला न गोंधळता उत्तर देतो, याचं श्रेय भाजीवाल्याला आहे. कर्नलसाहेबांनी रिटायर झाल्यावर इथल्या हाउसिंग कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेतला, कारण चंडीगडच्या सेक्टरांत कोठी, म्हणजे स्वतंत्र बंगला, घ्यायची तर कर्नल होऊन भागत नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. कराडहून आलेल्या दिरांनी "वहिनी, आता गावी चला" म्हटलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "गावात मला आता कोण ओळखतंय? इथं निदान भाजीवाला ओळखतो." आणि त्या राहिल्या, एकट्या.

एकुलता एक मुलगा शंतनू गुरुग्रामला असतो. त्याची बायको मेघना व्हिगन आहे. म्हणजे ती अंडी-मांस तर खात नाहीच, पण दूध, दही, लोणी, तूप आणि मधसुद्धा खात नाही. रागिणीबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा शांतपणे विचारलं होतं, "कधीपर्यंत?" त्यांना तो श्रावणासारखा काही प्रकार वाटला होता. कायमचं आहे म्हटल्यावर त्यांनी सुनेकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर लोक सहसा दवाखान्यात वापरतात. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, ही म्हण ज्या बाईने आयुष्याचं धोरण म्हणून राबवली, तिच्या घरी अशी सून यावी, यात कोणाचा तरी विनोद नक्की होता.

मेघनाही काही कमी नाही. किराण्याच्या दुकानात बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक अक्षर ती ज्या चिकाटीने वाचते, तेवढ्या चिकाटीने लोक घराची कागदपत्रं वाचत नाहीत. पण पोरगी सरळ आहे. पोटात एक आणि ओठात एक, असं तिचं नसतं. नेमकी तीच अडचण झाली.

झालं असं. गेल्या वर्षी दिवाळीला मेघना आणि शंतनू दुपारी खरेदीला गेले आणि अडीच वर्षांच्या लेकीला, रेवाला, आजीकडे ठेवून गेले. जाताना मेघनाने बजावलं होतं, की वरणभात द्या, पण तुपाशिवाय. रागिणीबाईंनी मान डोलावली. कराडकडच्या बाईने नातवंडाला तुपाशिवाय वरणभात भरवायचा, ही अपेक्षाच मुळात बेकायदेशीर होती, असं त्यांचं मत. मेघनाची पाठ वळली आणि भातावर तुपाची धार पडली. हा गुन्हा कधीच उघडकीला आला नसता. पण रात्री जेवताना रेवाने ताटातल्या भाताकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर फर्मावलं, "आजी, वो पीला वाला डालो ना!" या घरातल्या तिसऱ्या पिढीला मराठी सगळं कळतं, पण ती फितुरी हिंदीतून करते.

मेघनाने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आई, मी सांगितलं होतं तुम्हाला." त्यावर बाईंनी चूक झाली म्हणायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, "एवढंसं तर घातलं. लेकराला काय कोरडं भरवू?" आणि वर हेही म्हणाल्या, की शंतनूला मी असंच वाढवलंय, त्याला काय झालंय? शंतनूला काय झालंय, हा प्रश्न वादग्रस्त असल्यामुळे तो गप्प बसला.

तेव्हापासून रेवा आजीजवळ एकटी राहिलेली नाही. ही मंडळी वर्षभरात तीनदा आली, पण दर वेळी मेघना खाली दूधवाल्याकडे सोयाचं दूध आहे का बघायला गेली तरी पोरीला काखोटीला मारून गेली. तोंडाने कोणी काही बोलत नव्हतं. सगळं अगदी सभ्यपणे चाललं होतं, आणि रागिणीबाई त्या सभ्यपणाने आतून वाळत चालल्या होत्या. भांडण असतं तर त्यांनी जिंकलं असतं. त्यांचा तो हातखंडा आहे. 

यंदा डिसेंबरात शंतनूचा फोन आला. लग्नाचा वाढदिवस म्हणून ते कसौलीला दोन दिवस जाणार होते, वाटेत आईकडे मुक्काम. रागिणीबाईंनी फोनवर अगदी सहज, म्हणजे आवाज कापू न देता, विचारलं, "रेवाला ठेवाल ना माझ्याकडे?" शंतनू म्हणाला, "बघू आई. मेघना म्हणते तिघंच जाऊ. रेवाच्या एक्स्ट्रा बेडसकट बुकिंग झालंय." फोन ठेवून बाई माझ्याकडे आल्या, सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "चार वर्षं झाली, त्या घरात रात्री माझ्याशिवाय कोणी श्वास घेत नाही. दोन रात्री पोरगी झोपली असती माझ्या कुशीत, तर काय बिघडलं असतं?" मी चहा ठेवायला उठले, कारण अशा वेळी माणसाला कुठेतरी जायला लागतं.

चहा होईपर्यंत त्यांचं ठरलंही होतं. केक करायचा. मेघनाच्या नियमांत शंभर टक्के बसणारा, सुकामेव्याचा, मुरवलेल्या फळांचा, मिलिटरी मेसमध्ये नाताळला असायचा तसला. "तिला दाखवूनच देते," त्या म्हणाल्या. काय दाखवायचं होतं, तर आपल्यावर विश्वास ठेवता येतो हे. पण बाईंच्या तोंडून मायेची गोष्टही धमकी दिल्यासारखीच बाहेर पडते.

पुढचे पंधरा दिवस मी प्रयोगशाळेतल्या उंदराचं काम केलं. अंड्याच्या जागी जवस वाटून भिजवून घालायचं, असं मोबाइलवरच्या एका बाईने सांगितलं. "जवसाची चटणी करतात गं, केक कसला?" असं म्हणत रागिणीबाईंनी ते केलं. लोण्याच्या जागी तेल आलं, दुधाच्या जागी बदाम वाटून गाळलेलं पाणी आलं. पहिला केक आमच्या गॅलरीत कुंडीला टेकू म्हणून अजून आहे. दुसरा खाता येत होता, पण खाल्ल्यावर बोलता येत नव्हतं. मध चालत नाही हे कळल्यावर बाईंनी मधमाश्यांच्या वतीने मेघनाला मनातल्या मनात बरंच सुनावलं. रम चालते हे कळल्यावर मात्र कँटीनमधून आणून ठेवलेल्या कर्नलसाहेबांच्या शेवटच्या बाटलीकडे त्यांनी आशेने पाहिलं. पण रेवा खाणार होती. म्हणून मनुका आणि खजूर किन्नूच्या, म्हणजे इकडच्या संत्र्यांच्या, रसात भिजले.

फळं मुरवण्याच्या बाबतीत मात्र मी माझा उपरोध बाजूला ठेवते. हिवाळ्यात इथे गल्लोगल्ली किन्नूचे ढीग लागतात. लोक रस पितात आणि साली फेकतात. बाईंनी त्या साली घेतल्या, आतला पांढरा कडू भाग सुरीने खरवडला, पुन्हा पुन्हा पाणी बदलून उकळल्या आणि साखरेच्या पाकात इतक्या मंद आचेवर ठेवल्या की त्या काचेसारख्या दिसायला लागल्या. कोहळ्याच्या फोडी केल्या, आवळा किसून पाकवला. गच्चीवर उन्हात ताटं वाळत घातली आणि माकडं येतील म्हणून स्वतः काठी घेऊन बसल्या. सुनेच्या हट्टापायी ही बाई शाल गुंडाळून माकडं हाकत होती, आणि वर म्हणत होती की मला काही कौतुक नाही हां तिचं.

तिसऱ्या प्रयोगाच्या वेळी घरातला जुना गोल ओव्हन जळाला. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी. मग उरली भट्टी.

मनीमाजऱ्याच्या बाजारात अशा एक-दोन बेकऱ्या आहेत, जिथे लोक घरून आटा, तूप, साखर घेऊन जातात आणि आपल्यासमोर बिस्किटं भाजून घेतात. बेकरीवाला फक्त भट्टी आणि हात देतो. आपला माल त्याच्या हाती सोपवून घरी जाणं हा इथे भोळसटपणा समजला जातो, त्यामुळे भिंतीकडेच्या बाकावर बायका, निवृत्त साहेब आणि एखादा नुकताच लग्न झालेला मुलगा, असे सगळे आपापल्या ट्रेवर डोळे लावून बसलेले असतात. कोणाचाच कोणावर विश्वास नसल्यामुळे शुद्धता पक्की असते. रागिणीबाईंना ही पद्धत लगेच पटली.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गेलो. कालवलेलं पीठ झाकणाच्या डब्यात, अक्रोड-काजू-बदाम आणि ती काचेसारखी फळं त्यातच मिसळलेली. टिनही घरचा. त्याला घरूनच तेल लावून कागद घातलेला, कारण भट्टीवाल्याच्या टिनाला काय काय लागलेलं असेल, देव जाणे. भट्टीवाले गुरमेल सिंग म्हणजे पहाडासारखे, साठीचे सरदारजी. बाईंनी त्यांना ऑर्डर दिल्यासारखं सांगितलं, "देखो, इसमें घी नहीं, मक्खन नहीं, दूध नहीं, अंडा नहीं. कुछ डालने का नहीं. सिर्फ भाजने का."

"ओ जी, माँ जी," सरदारजी काळजीने म्हणाले, "घर में कोई बीमार है?"

"कोई बीमार नहीं. मेरी पोती आ रही है. दिल्ली की तरफ से. साल में तीन बार आती है." हे शेवटचं वाक्य सांगायची काही गरज नव्हती. पण बाई बोलून गेल्या, आणि सरदारजींचा चेहरा विरघळला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पंजाबी माणसाचा चेहरा विरघळला, की तो आधी घरातलं सगळ्यात चांगलं काढतो.

आम्ही बाकावर बसलो. बाई भट्टीच्या दारावर अशी नजर ठेवून होत्या, की सीमेवरच्या जवानाने शिकावं. तेवढ्यात शंतनूचा फोन आला आणि आत आवाज येईना, म्हणून त्या बाहेर रस्त्यावर गेल्या. गाडी अंबाल्याच्या पुढे आली होती. मीही बाहेर गेले, कारण समोर शालींचा सेल होता. पहारा असा मोडतो.

केक बाहेर आला तो देखणा होता. वरून फुगलेला, फळं चमकणारी, दालचिनीचा घमघमाट. बाकावरच्या बायकांनी माना उंचावल्या. रागिणीबाई वाकल्या, त्यांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. तुपाच्या बाबतीत त्यांच्या नाकाला कोणी फसवू शकत नाही.

"ये क्या लगाया है ऊपर?"

सरदारजी लाजून हसले. बेकरीच्या पत्र्याच्या डब्यातलं नाही, त्यांनी अभिमानाने सांगितलं, घरच्या म्हशीचं, त्यांच्या बायकोने काढलेलं, त्यांच्या स्वतःच्या रोटीसाठी आणलेलं देसी घी. केक वरून सुकत होता, म्हणून ब्रशने दोन हात फिरवले. पैसे नाहीत त्याचे.

मग बाई सुटल्या. हिंदी, मराठी, कराडी, जे हाताला लागेल ते. "मेरेको पूछा था क्या? किसने बोला था? मैंने चार बार बोला, कुछ नहीं डालने का, तुमको कान है की नाही?" बाकावरचे निवृत्त साहेब उठून उभे राहिले. सरदारजी मात्र चिडले नाहीत. ते खरोखर दुखावले गेले होते. दोन्ही हात पसरून ते म्हणाले, "माँ जी, ज़रा सा ही तो लगाया है. बच्ची को सूखा खिलाओगे?"

  या वाक्याला उत्तर असतं, तर ते गेल्या वर्षीच्या दिवाळीतच मेघनाने रागिणीबाईंना दिलं असतं. त्यांनी टिन फडक्यात बांधला, सरदारजींना मजुरी दिली आणि "सॉरी भाईसाब" म्हणाल्या. बाईंच्या तोंडून सॉरी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, तेही चुकीच्या पत्त्यावर गेलं असं तेव्हा मला वाटलं.

रिक्षात त्या एकच वाक्य बोलल्या, "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं." मी त्यांना व्यवहारी सल्ला दिला. वरचा पातळ थर सुरीने काढायचा, त्यावर पिठीसाखर भुरभुरायची, उरलेल्या साली लावायच्या. दालचिनीत वास कोणाला येतोय? मेघनाला काय कळणार आहे? आणि आपण थोडंच लावलंय? मी हे इतकं तपशीलवार सांगितलं, की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. बाईंनी ऐकून घेतलं. घरी जाऊन त्यांनी पिठीसाखरही काढली. मला वाटलं, चला, शहाणपण आलं.

संध्याकाळी सगळे आले. मीही होते, कारण एवढे विटेसारखे केक खाल्ल्यावर निकालाच्या दिवशी गैरहजर राहण्यात अर्थ नव्हता. टेबलावर केक. पिठीसाखरेची वाटी शेजारी, भरलेली, केकवर कणही नाही. मेघनाने केक पाहिला, मग सासूकडे पाहिलं, आणि तिचा आवाज जरा वेगळा झाला. "आई, हा माझ्यासाठी केलात? सगळं बघून?"

"तुझ्यासाठीच केला," बाई म्हणाल्या. मेघनाने सुरी उचलली. "थांब. खाऊ नकोस. वर तूप लागलंय."

शंतनूने कपाळाला हात लावला. "आई, यार! परत?"

"मी नाही लावलं. भट्टीवाल्याने लावलं, मी बाहेर गेले तेव्हा." इथे त्यांनी थांबायला हरकत नव्हती. आरोपी मिळाला होता, तोही गैरहजर, म्हणजे सगळ्यात सोयीचा. पण बाई थांबल्या नाहीत. "त्याचा मला एवढा राग आला मेघना, की बाजारात तमाशा केला मी. सांगून ठेवलेलं असताना दुसऱ्याने आपल्या लेकराच्या खाण्यात हात घातला, की असं होतं, ते मला माहीतच नव्हतं. गेल्या वर्षी दिवाळीला मी चुकले. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं."

 रेवा केकभोवती फेऱ्या मारत होती.

"तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कळलं असतं का?" मेघनाने विचारलं.

"नसतं कळलं. दालचिनी चिक्कार आहे."

"मग का सांगितलंत?"

रागिणीबाईंनी टेबलावरच्या फडक्याची उगीच घडी घातली, परत उलगडली. "तू पोरीला माझ्याकडे ठेवलंस, तर इथं बघायला कोण असणार गं? मीच ना. मग मलाच सांगता यायला पाहिजे." आणि घाईघाईने पुढे म्हणाल्या, "ठेवच असं नाही म्हणत मी. जा तुम्ही तिघं. मी आपलं सांगितलं."

"मम्मा, मुझे केक चाहिए!" रेवाचा संयम संपला. बाईंनी सालींची बरणी पुढे केली आणि आत काय आहे ते सांगितलं, किन्नू, साखर, पाणी, बस. मेघनाने एक साल स्वतःच्या तोंडात टाकली, एक रेवाला दिली. केकचं म्हणाल तर ती शेवटपर्यंत त्याला शिवली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. मी आणि शंतनूने खाल्ला. फार उत्तम झाला होता, विशेषतः वरचा थर, पण हे त्या वेळी बोलण्याइतकी मी मूर्ख नाही.

मेघना मोबाइल घेऊन गॅलरीच्या दारात गेली. आम्हाला वाटलं, ऑफिसचा फोन असेल.

"हाँ जी, कसौली? कल की बुकिंग है हमारी," ती म्हणत होती. "वो बच्चे वाला एक्स्ट्रा बेड मत लगाइए. नहीं नहीं, कैंसल नहीं, हम दोनों आ रहे हैं. बच्ची अपनी दादी के पास रहेगी."